फॉन्ट टाकला तरी दिसत नाही, दिसला तरी परत गायब होतो: लिनक्सवर फॉन्ट पाथची तपासणी

नाशिकमधले सातपूर-अंबडचे छोटे कारखाने आणि गावातले, म्हणजे रविवार कारंजा, शालिमार ह्या बाजूचे छापखाने, ह्यांची लिनक्स मशिनं मी बरीच वर्षं बघतोय. परत परत येणारी तक्रार कुठली असं कुणी विचारलं तर मी फॉन्टची सांगेन. गंमत म्हणजे दहातल्या आठ-नऊ वेळा फॉन्ट मशीनमध्ये असतोच, फक्त प्रोग्राम जिथे शोधतोय तिथे तो नसतो. म्हणून लोक फॉन्ट परत डाऊनलोड करतात, परत टाकतात, शेवटी लिनक्सच नवीन टाकतात, आणि तक्रार आहे तिथेच राहते.

एक सूचना आधीच, कमांडी मी इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाकायच्या, आणि डॅश, कोलन, स्लॅश जिथे दिसतंय तिथे तसंच.

लक्षणं

खालच्यातलं तुमचं कुठलं ते नक्की ठरवा. "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर काहीच ठरत नाही.

- जुना प्रोग्राम उघडतच नाही. टर्मिनलमधून चालवला तर फॉन्ट लोड होत नाही असा एरर येतो, आणि त्यात ‘फिक्स्ड’ हा शब्द असतो किंवा डॅश-डॅश करत गेलेलं लांबलचक नाव.
- प्रोग्राम उघडतो पण मेनूतली अक्षरं मुंगीएवढी, नाहीतर इतकी मोठी की बटणाबाहेर जातात.
- मराठीच्या जागी नुसते चौकोनी डबे.
- मराठी दिसते पण मोडलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात.
- मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी.
- फॉन्ट टाकला, चालला, दुसऱ्या दिवशी गायब.
- एका लॉगिनला दिसतो, दुसऱ्याला नाही.
- प्रोग्राम उघडायलाच दर वेळी खूप वेळ घेतो.

मोडलेली मराठी तपासायला लांब काही टाइप करायची गरज नाही. ‘नाशिक’ टाइप करा. ह्या शब्दात पहिली वेलांटी आहे, ती ‘श’च्या नंतर टाइप होते पण दिसायला ‘श’च्या आधी यायला पाहिजे, तेव्हा अक्षरं नीट जुळवली जातायत का ते लगेच कळतं. मग ‘त्र्यंबकेश्वर’ टाका, जोडाक्षरांची परीक्षा तिथे होते. आणि शेवटी ‘दऱ्या’, कारण तो अर्धा र हिंदीत लागत नाही, आपल्याकडे लागतो, आणि बऱ्याच फॉन्टांत तोच गंडलेला असतो. हे तीन शब्द मी प्रत्येक मशीनवर टाकून बघतो.

फॉन्ट शोधायच्या वाटा दोन आहेत

हे समजलं नाही तर पुढचं सगळं अंधारात. एक्स विंडो सिस्टिम 1984 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झाली, आणि आज आपण वापरतो ती एक्स 11 ही 1987 ची. त्या काळच्या रचनेत प्रोग्राम स्वतः अक्षर काढत नाही, तो स्क्रीन सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरला सांगतो की ह्या नावाचा फॉन्ट घे आणि इथे ही अक्षरं काढ. म्हणजे फॉन्ट शोधायचं काम एक्स सर्व्हरचं, आणि तो शोधतो त्याच्या फॉन्ट पाथमध्ये, म्हणजे फॉन्टच्या फोल्डरांच्या यादीत. ह्याला कोअर फॉन्ट म्हणतात. दुसरी वाट नंतर, 2000 च्या पुढे रुळली, तिचं नाव फॉन्टकॉन्फिग. तिच्यात प्रोग्राम स्वतःच फाइल शोधतो, स्वतःच अक्षर तयार करतो आणि सर्व्हरला फक्त तयार चित्र देतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, इंकस्केप, गिंप हे सगळे ह्या दुसऱ्या वाटेने जातात. जुने इंजिनिअरिंगचे प्रोग्राम, मोटिफवर (खिडक्या-बटणं बनवायचं जुनं साधन) बनवलेले, किंवा एक्सटर्म (एक्सचं जुनं टर्मिनल) साध्या सेटिंगवर, हे पहिल्या वाटेने.

दोन्ही वाटांचे फोल्डर वेगळे, कमांडी वेगळ्या, दुरुस्ती वेगळी. पहिल्या वाटेच्या प्रोग्रामसाठी दुसऱ्या वाटेवर फॉन्ट टाकत बसणं म्हणजे पंचवटीतलं घर नाशिकरोडला शोधत फिरणं, घर आहे पण तिथे नाही.

आता तपासण्या, फुकटातल्या आणि सोप्या आधी.

1. प्रोग्राम पूर्ण बंद करून परत उघडा, मग लॉगआऊट-लॉगिन

बहुतेक प्रोग्राम फॉन्टांची यादी सुरू होतानाच एकदा वाचतात. लिब्रेऑफिस उघडं ठेवून फॉन्ट टाकला आणि यादीत शोधत बसलात तर तो दिसणार नाही. आणि लिब्रेऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या, एक राहिली तरी प्रोग्राम आत जिवंतच असतो. मी फोनवर पहिलं हेच सांगतो, आणि पाचातले दोन फोन इथेच मिटतात.

2. तुमचा प्रोग्राम कुठल्या वाटेचा ते ओळखा

टर्मिनलमध्ये ‘एलडीडी’ लिहून पुढे प्रोग्रामच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. जी यादी येईल तिच्यात फॉन्टकॉन्फिग किंवा एक्सएफटी हे शब्द असतील तर दुसरी वाट. दोन्ही नसतील आणि प्रोग्राम जुना असेल तर बहुतेक पहिली. एररमध्ये डॅश-डॅशवालं नाव आलं असेल तर एवढंही करायला नको, तसली नावं फक्त पहिल्या वाटेवर चालतात. त्या नावात चौदा खाने असतात, बनवणारा, घराणं, जाडी, तिरका की सरळ, आकार, रिझोल्युशन असं करत शेवटी एन्कोडिंगपर्यंत.

प्रोग्राम फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधला असेल तर तो आपल्या वेगळ्या कप्प्यात चालतो आणि बाहेरचे सगळे फोल्डर त्याला दिसतीलच असं नाही. तेव्हा तोच प्रोग्राम साध्या पॅकेजमधून टाकून बघा, तिथे फॉन्ट दिसला तर फॉन्टला दोष देऊ नका.

दुसऱ्या वाटेचे, म्हणजे आजच्या प्रोग्रामांचे घोळ

3. सिस्टिमला फॉन्ट माहीत आहे का

‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ चालवा. एमआर म्हणजे मराठीचा कोड. मराठीची सगळी अक्षरं असलेले जेवढे फॉन्ट फॉन्टकॉन्फिगला सापडलेत ते सगळे फाइलच्या पत्त्यासकट येतात. एकही ओळ आली नाही तर डबे दिसणारच, फॉन्टच नाहीये. डेबियन-उबंटूवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ किंवा ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज टाका, फुकट आहेत. मी पॅकेजमधूनच टाका असं ठामपणे सांगतो, कारण पॅकेज फाइल बरोबर फोल्डरमध्ये, बरोबर परमिशनने ठेवतं आणि कॅशही, म्हणजे सापडलेल्या फॉन्टांची साठवलेली यादी, स्वतः बनवतं. पेनड्राइव्हवरून आणलेल्या फाइलीत ह्या तिन्हीपैकी काहीतरी एक नेहमी राहून जातं.

ओळी आल्या पण तुम्ही टाकलेला फॉन्ट त्यात नाही, तर पुढे चला.

4. फाइल कुठे ठेवलीय

एकट्या तुमच्या लॉगिनसाठी जागा आहे तुमच्या होममधलं ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’, सगळ्यांसाठी ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स’. ‘/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स’ पॅकेजवाल्यांसाठी सोडा, तिथे हाताने काही टाकू नका, सहा महिन्यांनी कुठली फाइल कुणाची ते कळत नाही. होममधलं जुनं ‘.फॉन्ट्स’ फोल्डर अजून चालतं पण ती पद्धत आता मागे पडलीय. झिप फाइल तशीच ठेवून चालत नाही, उघडावी लागते, हे लिहावं लागतंय कारण असं खूपदा सापडलंय.

कॉलेज रोडला डीटीपी करणाऱ्या एका ताईंचा फोन महिनाभर येत होता, सकाळी फॉन्ट गायब असतो आणि दुपारी आपोआप परत येतो. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा दुपारी, आणि दोन्ही वेळा सगळं व्यवस्थित. तिसऱ्यांदा मुद्दाम सकाळी दुकान उघडायच्या वेळी गेलो. झालं होतं असं की विंडोजच्या काळातले त्यांचे सगळे फॉन्ट डी ड्राइव्हवर होते आणि कुणीतरी होममधल्या फॉन्ट फोल्डरमध्ये त्या ड्राइव्हची नुसती लिंक करून दिली होती. लिनक्स तो ड्राइव्ह आपणहून जोडत नव्हतं, ताई दुपारी गिऱ्हाइकाचा फोटो काढायला त्या ड्राइव्हवर क्लिक करायच्या तेव्हा तो जोडला जायचा, आणि त्यानंतर उघडलेल्या प्रोग्रामला फॉन्ट दिसायचे. लिंक काढली, फाइली खऱ्याखुऱ्या कॉपी केल्या, तेव्हापासून एकदाही फोन नाही. म्हणून ‘दुसऱ्या दिवशी गायब’ असेल तर ‘एलएस -एल’ करून बघा, नावापुढे बाण दिसला तर ती लिंक आहे, बाणाच्या पुढचा पत्ता कुठल्या डिस्कवर आहे ते बघा.

5. परमिशन

ही तपासणी कुणीच करत नाही आणि मला सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते. रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात लग्नसराईच्या ऐन गर्दीत काकांनी बोलावलं. "अहो, पोराच्या लॉगिनला दिसतोय, माझ्याच लॉगिनला का नाही? पत्रिका आजच्या आज द्यायच्यात." फॉन्ट सगळ्यांसाठीच्या फोल्डरमध्ये होता, जागा बरोबर होती, पॅकेज परत टाकून झालं होतं, मशीन चार वेळा रिस्टार्ट झालं होतं. ‘एलएस -एल’ केलं तर फाइलच्या सुरुवातीला आर-डब्ल्यू आणि पुढे नुसते डॅश, मालक म्हणून पोराचं नाव. म्हणजे फाइल त्याच्याशिवाय कुणाला वाचताच येत नव्हती. त्याने ती आपल्या होममधून परमिशनसकट तिथे नेली होती.

फाइलींना ‘सीएचमॉड 644’, फोल्डरांना ‘सीएचमॉड 755’. फोल्डरला 644 देऊ नका, फोल्डरच्या आत जायला परमिशनांमधलं ‘एक्स’ हे अक्षर लागतं (एक्स सर्व्हरशी ह्याचा संबंध नाही), नाहीतर आतल्या सगळ्या फाइली एकदम गायब होतात. उलटा प्रकारही बघा, सुडो लावून होममध्ये फोल्डर बनवलं असेल तर ते रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनच्या, मालकीचं होतं आणि नंतर तुम्हालाच त्यात काही टाकता येत नाही. काकांचं काम दोन मिनिटांत झालं, पण त्याआधी त्यांचे तीन तास गेले होते, आणि ते तीन तास मला अजून टोचतात कारण आदल्या महिन्यात त्याच पोराला फॉन्ट कसा टाकायचा हे मी फोनवर घाईघाईत सांगितलं होतं, परमिशनचं सांगायचं राहिलं होतं.

6. कॅश आणि डिस्कची जागा

‘एफसी-कॅश -एफव्ही’ चालवा. एफ म्हणजे जबरदस्तीने परत बनव, व्ही म्हणजे काय करतोयस ते दाखव. प्रत्येक फोल्डरसमोर किती फॉन्ट सापडले तो आकडा येतो. तुमच्या फोल्डरसमोर 0 आला तर फाइल खराब आहे, तिचा प्रकार वेगळा आहे किंवा परमिशन नाही. फोल्डरचं नावच आलं नाही तर तो फोल्डर शोधयादीतच नाही. आणि कॅश लिहिता आली नाही असं आलं तर ‘डीएफ -एच’ करून डिस्क भरलीय का बघा. डिस्क शंभर टक्के भरली की कॅश लिहिली जात नाही, मग प्रत्येक प्रोग्राम उघडताना सगळे फॉन्ट पहिल्यापासून वाचतो. वर लिहिलेलं ‘उघडायला खूप वेळ’ ते बऱ्याचदा ह्यामुळे, त्यात कुणी दोन-तीन हजार फॉन्ट भरून ठेवले असतील तर विचारूच नका. जे फॉन्ट वर्षात एकदाही लागले नाहीत ते काढून दुसरीकडे ठेवा.

7. फॉन्ट आहे पण दुसराच निवडला जातो

‘एफसी-मॅच’ पुढे फॉन्टचं नाव द्या, सिस्टिम त्या नावाला प्रत्यक्षात काय देते ते सांगेल. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं असेल तर फॉन्टकॉन्फिग तक्रार करत नाही, जवळचा वाटेल तो गुपचूप देतो. म्हणून नाव एफसी-लिस्टमधून उचला, मनाने लिहू नका. होममध्ये ‘.कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिग’मधली ‘फॉन्ट्स.कॉन्फ’ फाइल कुणी हाताने बदलली असेल तर तिचं नाव तात्पुरतं बदलून ठेवा आणि परत बघा.

इथेच एक सांगतो, कारण छापणाऱ्यांना ह्याची किंमत कळते. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात आणि कुठला वापरायचा हे मजकुराची भाषा कुठली लावलीय त्यावर ठरतं. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल तर फॉन्ट कितीही बदला, ल हिंदीचाच येईल. भाषा मराठी करा. कुणाच्या आजीच्या एकसष्टीच्या पत्रिकेवर आपला ल आपल्यासारखा आला पाहिजे, एवढं तरी आपण करायला हवं.

पहिल्या वाटेचे, म्हणजे जुन्या प्रोग्रामांचे घोळ

8. ‘एक्ससेट क्यू’

खूप काही छापून येतं, त्यातला ‘फॉन्ट पाथ’ म्हणून आहे तो भाग बघा. तिथे स्वल्पविरामाने जोडलेले फोल्डर असतात आणि शेवटी ‘बिल्ट-इन्स’. नुसतं ‘बिल्ट-इन्स’च असेल तर सर्व्हरकडे त्याच्या पोटातले मोजकेच फॉन्ट आहेत. पूर्वी ‘फिक्स्ड’ सापडला नाही तर एक्स सुरूच व्हायचं नाही, आता तो पोटात असतो म्हणून स्क्रीन येते, पण हेल्व्हेटिका वगैरे मागणारे प्रोग्राम अडतातच. डेबियन-उबंटूवर ‘एक्सफॉन्ट्स-बेस’, ‘एक्सफॉन्ट्स-75डीपीआय’, ‘एक्सफॉन्ट्स-100डीपीआय’ ही तीन पॅकेजं टाका.

आणि टाकल्यावर लॉगआऊट करा, हे महत्त्वाचं. सर्व्हर सुरू होताना जे फोल्डर नव्हते ते त्याने पाथमधून आधीच गाळलेले असतात, चालू सर्व्हरला नवीन पॅकेजचा पत्ता लागत नाही. लगेच पाहिजे असेल तर पुढची तपासणी. सर्व्हरला कुठले फॉन्ट दिसतायत ते ‘एक्सएलएसफॉन्ट्स’ने कळतं. एफसी-लिस्टमध्ये आहे म्हणून इथे असेलच असं नाही, उलटही नाही.

9. फोल्डर हाताने जोडून बघणे

‘एक्ससेट +एफपी’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता, म्हणजे तो पाथच्या सुरुवातीला जोडला जातो. ‘एक्ससेट एफपी+’ म्हणजे शेवटी. अधिकचं चिन्ह कुठल्या बाजूला आहे त्यावर सगळं आहे. सर्व्हर पाथ पहिल्यापासून वाचतो, त्यामुळे 100 डीपीआयचं फोल्डर 75 च्या आधी आलं तर त्याच नावाची अक्षरं मोठी येतात. मेनू बटणाबाहेर जातो किंवा मुंगीएवढा दिसतो ते पुष्कळदा ह्या क्रमामुळे, फॉन्ट दोन्हीकडे तोच असतो. फोल्डरमध्ये काही नवीन टाकलं की ‘एक्ससेट एफपी रिहॅश’. काहीतरी बिघडलं असं वाटलं तर ‘एक्ससेट एफपी डिफॉल्ट’, सुरुवातीचा पाथ परत येतो, म्हणून हे करून बघायला घाबरायचं कारण नाही.

10. जोडताना एरर आला तर

‘बॅड व्हॅल्यू’ किंवा पाथमधला अमुक नंबर चुकीचा आहे असं आलं तर कारणं तीनच. फोल्डर नाही किंवा वाचायची परमिशन नाही, फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स.डिर’ नाही, किंवा फॉन्ट सर्व्हरचा पत्ता चुकलाय. मधलं कारण सगळ्यात जास्त. कोअर फॉन्टवाला सर्व्हर फोल्डर उघडून फाइली शोधत नाही, तो फॉन्ट्स.डिर ही यादी वाचतो, यादीत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. फोल्डरमध्ये जाऊन आधी ‘एमकेफॉन्टस्केल’, मग ‘एमकेफॉन्टडिर’, ह्याच क्रमाने, कारण दुसरी कमांड पहिलीने बनवलेली यादी उचलते. मग फॉन्ट्स.डिर उघडून पहिली ओळ बघा, तिथे नुसता आकडा असतो, किती नोंदी झाल्या त्याचा. 0 असेल तर काहीच झालेलं नाही.

पाथमध्ये ‘7100’ दिसलं तर ते जुन्या फॉन्ट सर्व्हरचं पोर्ट आहे. आज तो सहसा कुठेच चालू नसतो, ती नोंद काढून टाका.

11. प्रोग्राम एका मशीनवर, स्क्रीन दुसऱ्यावर

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बघायचा जुना प्रोग्राम ऑफिसमधल्या सर्व्हरवर होता आणि खाली शॉपफ्लोअरवरची माणसं तो एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून) आपल्या पीसीवर उघडायची. खालचा एक पीसी जळाला, नवीन आणला, त्यावर प्रोग्राम उघडेना, फॉन्ट सापडत नाही. त्यांच्या कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाने सर्व्हरवर फॉन्ट टाकले. नाही झालं म्हणून परत टाकले. तीन दिवस तो वर सर्व्हरवरच झटत होता, आणि विचार त्याचा चुकीचा नव्हता, प्रोग्राम जिथे चालतो तिथेच फॉन्ट पाहिजे असंच कुणालाही वाटेल.

पण कोअर फॉन्टमध्ये शोधतो एक्स सर्व्हर, आणि एक्स सर्व्हर तिथे असतो जिथे स्क्रीन आहे. म्हणजे खाली, नवीन पीसीवर. जुन्या पीसीवर ती पॅकेजं कुणीतरी कधीतरी टाकलेली होती म्हणून इतकी वर्षं चाललं. खालच्या पीसीवर दोन पॅकेजं टाकली, लॉगआऊट केलं, प्रोग्राम उघडला. मुलगा म्हणाला, "सर, नाव जरी सर्व्हर असलं तरी एक्सचा सर्व्हर खालीच आहे ना मग?" बरोबर तेच. आणि फॉन्टकॉन्फिगवाला प्रोग्राम असता तर उलट, तेव्हा फॉन्ट वरच्याच मशीनवर लागले असते.

12. कायमचं करणं

एक्ससेटने केलेलं लॉगआऊट केलं की जातं. काल चालत होतं, आज नाही, ह्याचं पहिल्या वाटेवरचं कारण बहुतेक हेच. सोपा उपाय, तीच एक्ससेटची ओळ लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या ‘.एक्सप्रोफाइल’मध्ये किंवा डेस्कटॉपच्या ऑटोस्टार्टमध्ये टाका. चुकली तर फार तर फॉन्ट दिसणार नाही, स्क्रीन जाणार नाही. फेडोरा-रेडहॅट घराण्यात ‘/ईटीसी/एक्स11/फॉन्टपाथ.डी’ (ह्यातला एक्स मात्र कॅपिटल) ह्या फोल्डरमध्ये आपल्या फॉन्ट फोल्डरची लिंक केली की झालं.

सगळ्या युजरसाठी करायचं तर एक्सऑर्गच्या, म्हणजे नेहमीच्या एक्स सर्व्हरच्या, कॉन्फिग फाइलमध्ये ‘फाइल्स’ सेक्शनला ‘फॉन्टपाथ’च्या ओळी. हे सगळ्यात शेवटी, आणि आधी त्या फाइलची कॉपी करून ठेवल्याशिवाय नाही. एक अवतरणचिन्ह राहिलं तरी स्क्रीन काळी येऊ शकते. आली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 ने साध्या टर्मिनलवर जा, लॉगिन करा आणि जुनी कॉपी परत ठेवा.

त्याआधी ‘एको $एक्सडीजी_सेशन_टाइप’ चालवा, तो डॉलरपुढचा भाग तेवढा कॅपिटल अक्षरांत. उत्तर वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) आलं तर एक्सऑर्गची फाइल कितीही बदला, उपयोग नाही. वेलँडवर जुने प्रोग्राम एक्सवेलँड ह्या त्याच्या आतल्या एक्स सर्व्हरमधून चालतात आणि तो ती फाइल वाचतच नाही. उबंटू 21.04 पासून वेलँड आपोआप लागतं, त्यामुळे अपग्रेडनंतर पहिल्याच दिवशी "सगळं तेच आहे तरी फॉन्ट गेले" असे फोन येतात. तिथे ऑटोस्टार्टमधली एक्ससेटची ओळ चालते.

जे पाथचं दुखणं नाहीच

इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, म्हणजे ‘मराठी’ ह्या शब्दाच्या जागी ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं, तर तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला आहे. त्यात फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. तो नेमका फॉन्ट टाकला की वाचता येईल, पण खरा उपाय मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून, पहिल्या आवृत्तीपासून, स्वतःची जागा आहे.

आणि जुन्या कोअर फॉन्टवाल्या प्रोग्राममध्ये ‘नाशिक’ची वेलांटी मागे जात असेल तर पाथशी झगडू नका. त्या वाटेवर अक्षरं जुळवायची सोयच नाही, एक कोड एक चित्र एवढंच तिला येतं. मराठी त्यात नीट दिसणार नाही, त्या कामासाठी दुसरा प्रोग्राम घ्या.

कुठे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

एफसी-कॅश एखाद्या फोल्डरवर येऊन अडकत असेल, किंवा फाइल कॉपी करताना इनपुट-आऊटपुट एरर येत असेल, तर लगेच थांबा. ती डिस्क जायला लागलीय. फॉन्ट विसरा, गिऱ्हाइकांच्या फाइली दुसरीकडे काढा, आणि काढता येत नसतील तर मशीन बंद करून डेटा काढणाऱ्या माणसाकडे न्या. परत परत चालवून बघाल तेवढं नुकसान वाढेल.

मशीन सीएनसीला किंवा कुठल्याही चालू यंत्राला जोडलेलं असेल तर नुसतं बघायच्या कमांडी चालवा, म्हणजे एक्ससेट क्यू, एफसी-लिस्ट, एलएस. बदल कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून करून घ्या. वॉरंटी जाते हे एक, आणि स्क्रीनवर आकडे चुकीचे दिसले तर कामगाराच्या हाताशी खेळ आहे.

जुनी कॉपी परत ठेवूनही ग्राफिक स्क्रीन येत नसेल तर तो आता फॉन्टचा प्रश्न राहिलेला नाही, ग्राफिकचा आहे. आणि 1 ते 12 सगळं करून दोन तास गेले असतील तरीही थांबा, दोन तासांनंतर माणूस दोन-दोन बदल एकदम करायला लागतो आणि मग काय बिघडवलं तेच सापडत नाही.

बोलवायच्या आधी एक्ससेट क्यू, एफसी-लिस्ट आणि सेशन टाइप, तिन्हींचं जे छापून येतं ते एका टेक्स्ट फाइलमध्ये टाकून ठेवा, आणि त्याखाली शेवटचं कधी चालत होतं आणि त्यानंतर काय अपडेट केलं ते लिहा. येणारा माणूस तीच फाइल आधी मागेल.